ओढ्याला पूर असताना दिलेले वचन

रविवार, ४ ऑक्टोबर १९५९. सकाळी सव्वादहाच्या सुमारास, मुळशीकडच्या रिहे गावातल्या छोट्या चर्चमध्ये वचनांची उजळणी सुरू होण्याआधी, फादर सेराफिन यांनी रत्नाबाई कोंडिबा आल्हाट यांना रांगेतून बाहेर येऊन बाकावर बसायला सांगितले. रत्नाबाई बसल्या नाहीत. त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या.

रांगेत त्यांच्यासह नऊ जण होते. हे सगळे संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचे सभासद. पहिला संघ मठातल्या पुरुषांचा, दुसरा मठातल्या बहिणींचा आणि तिसरा घरदार, संसार, कामधंदा न सोडता त्याच वाटेने चालू पाहणाऱ्यांचा. कपड्यांच्या आत कंबरेला गाठी मारलेली दोरी, रोज बारा वेळा प्रभूची प्रार्थना, महिन्याला एक बैठक आणि आपसातली भांडणे आपसात मिटवणे, एवढा त्यांचा नेम. असे गट इटलीत होते, ब्राझीलमध्ये होते, वसईत होते. नियम सगळ्यांना एक. गट कुठलाही असो, त्याच्यापाठी संघाचा एक फादर नेमलेला असला पाहिजे. नवा सभासद तो घेतो, वचन तो ऐकतो आणि गट भरकटत नाही ना हेही तोच पाहतो.

रिह्याच्या गटाचे काम जूनपासून फादर सेराफिन यांच्याकडे होते. ते मूळचे वसईचे, वयाने चाळिशीच्या आतले. पुण्याच्या मठातून एस.टी.ने पिरंगुटपर्यंत यायचे आणि तिथून सायकलने रिहे गाठायचे. गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची सात घरे होती. मुळशीच्या धरणाच्या कामावर नगरकडून आलेल्या पाथरवटांची ही मुले आणि सुना. धरण झाले, माणसे राहिली. पावसाळ्यात लोकांच्या भातखाचरांत लावणी करायची, एरवी दगड घडवायचा, असे त्यांचे चालले होते.

रत्नाबाईंना बाजूला का काढले, हे त्या सकाळी फक्त दोघांना माहीत होते. एक फादर आणि दुसरे गटाचे प्रमुख नथू पारधे. आदल्या संध्याकाळी चहा पिताना नथूंनीच फादरना ती हकिकत सांगितली होती. तक्रार म्हणून नव्हे, देवाची करणी म्हणून. फादरनी कप खाली ठेवला आणि दोनदा विचारले, की त्या वेळी तिथे एकही फादर नव्हता का. नथूंनी दोन्ही वेळा सांगितले, नव्हता.

हकिकत अशी होती. १९५८ च्या मे महिन्यात रत्नाबाईंनी गटात यायची इच्छा सांगितली. तेव्हाचे फादर उर्बानो इटलीचे होते, वृद्ध होते. त्यांनी सांगितले, की लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीखेरीज घेता येत नाही. कोंडिबा कोयनेच्या धरणावर कामाला आहे, तो आला की त्याला विचारू. कोंडिबा यायच्या आत जुलै आला आणि रत्नाबाईंना ताप चढला. पिरंगुटच्या वाटेवरच्या ओढ्याला पूर होता. तिसऱ्या दिवशी नथूंचा धाकटा भाऊ भैरू दोरखंडाला धरून ओढा ओलांडून गेला. पिरंगुटहून खडीच्या ट्रकमधून तो पुण्याला पोचला. मठात कळले, की फादर उर्बानो स्वतःच मुंबईला दवाखान्यात आहेत आणि बाकीचे कुणी जागेवर नाहीत. तो परत आला. त्या दुपारी रत्नाबाईंची नाडी लागेना. शुद्ध आली तेव्हा त्यांनी नथूंकडे वचन मागितले. नथूंनी स्वतःच्या कंबरेची दोरी सोडली, त्यांच्या कंबरेला बांधली आणि वचनाचे शब्द एकेक करून त्यांच्याकडून म्हणवून घेतले. पाचव्या दिवशी ताप उतरला.

तेव्हापासून रत्नाबाई गटात होत्या. बैठकीला येत, बारा प्रार्थना म्हणत, आजाऱ्याला पेज नेऊन देत. त्या सभासद नाहीत असे कुणालाही वाटले नव्हते.

मिस्सा संपल्यावर सगळे चर्चच्या ओट्यावर आले.

"फादर, माजं काय चुकलं?" रत्नाबाईंनी विचारले.

"तुमचं काही चुकलं नाही, बाई. ज्यांनी वचन घेतलं, त्यांना ते घेण्याचा अधिकार नव्हता."

"मंग कुनाला व्हता?"

"फादर उर्बानोंना. आता मला."

"तुमी नव्हता."

"नव्हतो."

"वढा व्हता," नथूंच्या पत्नी लीलाबाई मध्येच म्हणाल्या. "तुमी असता तर तुमची सायकल पार नांद्याला जाऊन घावली असती. तुमी कुटं घावला असता द्येवाला ठावं."

नथू म्हणाले, "फादर, मरनाऱ्याला बाप्तिस्मा कुनीबी देऊ शकतो. तुमीच लोकांनी शिकिवलंय. पानी वतायचं आन् तीन नावं घ्यायची. हितं तर पानीबी लागत न्हवतं."

"बाप्तिस्म्याला तशी सूट आहे. वचनाला नाही."

"का न्हाई?"

"बाप्तिस्म्यावाचून तारण नाही असं आपण मानतो. तिसऱ्या संघावाचून तारण अडत नाही. म्हणून घाई करायचं कारण नाही."

"मी मेले असते तर?" रत्नाबाई म्हणाल्या.

"तर देवानं तुमचा हेतू पाहिला असता."

"म्हंजी मेले असते तर धरलं असतं. जगले म्हनून धरत न्हाई."

फादर म्हणाले, की त्यांना तसे म्हणायचे नव्हते.

लीलाबाईंनी आणखी एक मुद्दा काढला. "मोठ्या फादरला आमी समदं सांगितलं व्हतं. ऑगस्टात. त्ये हसले व्हते."

"हसणं म्हणजे मान्यता नव्हे, लीलाबाई."

"त्ये लई कमी हसायचे, फादर."

फादर उर्बानो मार्चमध्ये मायदेशी परतले होते आणि त्यांची तब्येत पत्राला उत्तर देण्याजोगी राहिली नव्हती. ते का हसले, हे विचारण्याची सोय नव्हती.

रत्नाबाईंना आदल्या संध्याकाळीच बोलावून हे सांगता आले असते. फादरनी ते केले नाही. चारचौघांत बाजूला काढल्याबद्दल त्यांनी ओट्यावरच माफी मागितली. रत्नाबाईंनी मान हलवली. माफ केले की ऐकून घेतले, हे त्यातून कळले नाही. दोरी मात्र फादरनी मागितली नाही आणि त्यांनीही सोडली नाही.

फादरच्या मते अडचण मोठी नव्हती. वचन त्यांच्यासमोर पुन्हा दिले की प्रश्न मिटत होता. त्यासाठी कोंडिबांची संमती हवी होती आणि कोंडिबा गावातच होते. भातकापणीसाठी ते कोयनेहून आले होते. एरवीच्या रविवारी ते चर्चला येत, पण तिसऱ्या संघाचा कार्यक्रम असेल त्या दिवशी येत नसत. दुपारी फादर त्यांच्या घरी गेले. कोंडिबा ओसरीवर दगड घडवायच्या टाक्यांना धार लावत बसले होते.

"या फादर, बसा. च्या घेनार न्हवं? अगं, च्या टाक. साकर जरा जास्तीची घाल, फादर सायकलीवर आल्यात."

फादरनी आडवळण न घेता येण्याचे कारण सांगितले.

"इचारायला सव्वा वरीस उशीर झाला," कोंडिबा म्हणाले.

"झाला. तुमचा विरोध आहे का?"

"इरोध न्हाई."

"मग संमती आहे?"

"तीबी न्हाई."

कोंडिबांनी हातातली टाकी खाली ठेवली.

"फादर, भैरू वढ्यात उतारला. जिवावर उदार झाला, खरं हाय. पुन्यापातूर गेला. कशापायी? फादरला आनायला. पुन्यात तारेची हापिसं किती हायेत?"

"असतील बरीच."

"त्यातल्या येकात बी जावंसं वाटलं न्हाई त्याला. त्याला वाटलं न्हाई, नथूदादाला वाटलं न्हाई, कुनालाच वाटलं न्हाई. बायको माजी मरत व्हती. फादरला सांगावा, द्येवाला सांगावा, नवऱ्याला न्हाई. पंधरा दिसांनी मला कोयनंला पत्र आलं, रत्ना बरी झाली म्हनून. आजारी पडल्याचं पत्र आलंच न्हवतं. आन् घरी येऊन बगतो तर हिच्या कमरंला दोरी. मी जित्ता असताना माज्या बायकूचं वचन दुसऱ्यानं घेतलं."

रत्नाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "भैरू गेला तवा मला सुद न्हवती," त्या म्हणाल्या.

"तुला न्हाईच म्हनत मी. च्या द्ये त्यांना, निवल."

फादरनी चहा घेतला. निघताना कोंडिबांनी त्यांची सायकल ओसरीवरून खाली उतरवून दिली. संमतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच दिवशी परतीच्या वाटेवर फादरनी सोबत आलेल्या नथूंना तारेबद्दल विचारले. नथू म्हणाले, "सुचलंच न्हाई, फादर. खरं सांगतो. ती मरनार म्हनल्यावर फादर पायजे, येवढंच डोक्यात व्हतं."

"हे त्यांना सांगा."

"सांगीन की."

अडीच महिने त्यांनी सांगितले नाही. कापणी चालू होती, झोडणी चालू होती. त्याशिवाय नथू वयाने मोठे होते आणि गटाचे प्रमुख होते. नोव्हेंबरच्या बैठकीत फादरनी नियमातले एक कलम वाचून दाखवले. कुणाचे कुणाशी वाकडे असेल तर ते वेळेवर मिटवावे, असा त्याचा आशय होता. वाचताना त्यांनी नथूंकडे पाहिले नाही. लीलाबाईंनी पाहिले.

दरम्यान दुसरी अडचण पुढे आली. रत्नाबाईंनी पुन्हा वचन द्यायला नकार दिला.

"दिलंय त्ये दिलंय," त्या फादरना म्हणाल्या. "आता परत दिलं म्हंजी पयलं खोटं व्हतं, असं व्हईल. त्या दिशी मी खोटं बोलले न्हवते."

"खोटं कुणीच म्हणत नाही."

"मंग परत कशाला?"

यावर फादरनी पुण्याला जाऊन मठातल्या दोन ज्येष्ठांशी चर्चा केली आणि डिसेंबरच्या बैठकीला तोडगा घेऊन आले. एखाद्याचा बाप्तिस्मा झाला की नाही याची खात्री नसेल, तर अट घालून बाप्तिस्मा देतात. आधी झाला नसेल, तरच हा. वचनही तसेच घेता येईल. आधीचे धरले गेले नसेल, तरच हे धरावे. आधीचे धरले गेले असेल, तर या शब्दांनी काहीच बदलत नाही.

रत्नाबाईंनी ते दोनदा म्हणवून घेतले. "म्हंजी कुनालाच ठावं न्हाई, पयलं धरलं का न्हाई."

"देवाला ठाऊक आहे."

"मंग चालंल," त्या म्हणाल्या.

त्यामुळे आता फक्त कोंडिबांचा होकार उरला. या टप्प्यावर लीलाबाईंनी फादरना असे विचारले, की नवऱ्याने अडवून धरले तर बाईचे पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरला संमती बाजूला ठेवता येते, हे खरे आहे का. वसईच्या एका पाहुणीने त्यांना तसे सांगितले होते.

"खरं आहे."

"मंग तुमीच ऐकता की तिचं पापनिवेदन."

"ऐकतो."

"मंग घोडं कुटं आडलंय?"

फादरनी रत्नाबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "न्हाई. त्यास्नी डावलून नगं. येकदा डावलून झालंय."

फादरनी नंतर आपल्या वरिष्ठांना सांगितले, की अधिकार वापरायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवले होते. पण ते रत्नाबाईंच्या तोंडून आले हे बरे झाले.

नाताळच्या आदल्या आठवड्यात नथू कोंडिबांच्या घरी गेले. लीलाबाई बरोबर होत्या. त्या बरोबर होत्या म्हणूनच पुढचे संभाषण बाहेर कळले.

"कोंडिबा, तारंचं चुकलं आमचं."

"बरं."

"सुचायला पायजे व्हतं. भैरूला बजावून सांगाया पायजे व्हतं. न्हाई सांगितलं. माजं चुकलं."

"आन् वचनाचं?"

"त्ये चुकलं न्हाई. ती मरत व्हती, तिनं मागितलं, मी दिलं. फादर म्हनत्यात मला अधिकार न्हवता. नसंल. उद्या परत मरायला लागली आन् मागितलं, तर परत दीन."

"तवा तरी तार कर, दादा."

लीलाबाई हसल्या. पुरुष दोघे हसले नाहीत. रत्नाबाईंनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. उठताना नथूंनी विचारले, "मंग फादरला काय सांगू?"

"बगू म्हनावं."

जानेवारीत कोंडिबा कोयनेला परत गेले. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या बैठकांना रत्नाबाई आल्या. आल्या, पण सभासदांच्या रांगेत बसल्या नाहीत. दाराजवळच्या चटईवर बसायच्या. तसे बसायला त्यांना कुणी सांगितले नव्हते. फादरनी एकदा त्यांना पुढे यायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कुटं बसायचं, त्ये ठरंल तवा बसंन." बारा प्रार्थना त्या सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच मोठ्याने म्हणत. मार्चमध्ये भैरूच्या बायकोला गटात उमेदवार म्हणून घेण्यात आले. तिला दोरी कशी बांधायची, हे रत्नाबाईंनीच दाखवले.

१७ एप्रिल १९६० ला ईस्टर होता. कोंडिबा आदल्या दिवशी कोयनेहून आले. सकाळी मिस्साला ते चर्चमध्ये होते, पुरुषांच्या बाजूला, नथूंच्या मागच्या रांगेत. फादरना वाटले, की ते आज बोलतील. त्यासाठी त्यांनी वचनाचा मजकूर अटीच्या शब्दांसह बरोबर आणला होता. मिस्सा झाल्यावर कोंडिबांनी सगळ्यांबरोबर हात जोडले, नथूंची तब्येत विचारली आणि घरी गेले. फादर त्यांच्या मागे गेले नाहीत.

सोमवारी सकाळी फादर पुण्याला परतायला पिरंगुटच्या स्टँडवर आले, तेव्हा कोंडिबा आणि रत्नाबाई तिथे आधीच उभे होते. जवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि भांड्यांचे पोते होते. कोयनेला कामगारांसाठी नव्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यातली एक कोंडिबांना मिळाली होती. ते बायकोला घेऊन चालले होते. याबद्दल त्यांनी गावात कुणालाही आधी सांगितले नव्हते. लीलाबाईंना ते सकाळी सहा वाजता कळले आणि त्यांनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या.

"किती दिवसांसाठी?" फादरनी विचारले.

"काम हाय तवर. धा वर्सं बी चालंल म्हनत्यात."

फादरनी रत्नाबाईंकडे पाहिले. त्यांनी पदर नीट केला. "मी जाते, फादर. ह्ये म्हनले चल, मी म्हनले चला."

"आणि वचन?"

"त्यास्नीच इचारा. मीबी इचारलंय."

कोंडिबा रस्त्याकडे पाहत होते. गाडी यायला उशीर होता. काही वेळाने ते म्हणाले, "फादर, तितं कोयनंला तुमच्यातला कुनी फादर येतो का?"

"मिस्साला कराडहून कुणीतरी येत असेल."

"तसा न्हवं. तुमच्यातला. ह्यो दोरीवाला."

"मला माहीत नाही. विचारावं लागेल."

"इचारा की."

"म्हणजे तुमची संमती आहे, असं मी धरू?"

"आदी फादर येतो का त्ये बगा," कोंडिबा म्हणाले. "फादरच न्हाई आला, तर माज्या हो-न्हाईचं काय करता?"

गाडी आली. कोंडिबांनी ट्रंक टपावर चढवली. गाडी भरलेली होती. रत्नाबाईंना पुढे बायकांत जागा मिळाली, कोंडिबा मागे उभे राहिले आणि फादर दारापाशी. स्वारगेटला उतरल्यावर कोंडिबांनी फादरकडून मठाचा पत्ता घेतला आणि दोघे साताऱ्याच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. वचनाच्या मजकुराचा कागद फादरच्या पिशवीत होता. कोयनेच्या बाजूला एखादा फादर महिन्यातून एकदा तरी जाऊ शकेल का, तिथे एकच बाई असली तरी, असे त्यांनी त्याच आठवड्यात आपल्या वरिष्ठांना लिहिले. एका माणसाला गट म्हणता येत नाही, हे त्यांना माहीत होते आणि तेही त्यांनी पत्रात लिहिले.

मे महिन्याच्या बैठकीत नथूंनी फादरना विचारले, की रत्नाबाईंना गटात धरायचे की नाही. फादर म्हणाले, वरून उत्तर येऊ द्या. जूनच्या बैठकीतही त्यांनी तेच सांगितले. कोंडिबांचे पत्र नथूंना १२ जूनला आले. त्यात खोली बरी आहे, पाऊस सुरू झाला आणि रत्नाची तब्येत ठीक आहे, एवढे लिहिले होते. ३० जूनपर्यंत वरिष्ठांकडून फादर सेराफिन यांना उत्तर आलेले नव्हते.